भाषणाआधीचं पुडिंग

आधीच मोठ्याने ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. देवाशप्पथ, गळ्याशप्पथ, आणि तेवढ्याने कुणाचं भागत नसेल तर एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याने, बसवून दिलेल्या माझ्या नव्या गुडघ्याची शप्पथ. आमच्या घरात मी काही सांगायला लागले की अन्वी, इथेच जन्मलेली माझी नात, डोळे फिरवते आणि तिच्या मोडक्या मराठीत विचारते, “आजी, हा गोष्ट पण साताऱ्याच्या वाघासारखा आहे का?” वाघाचं सोडा. वाघ होता, फक्त जरा लहान होता, आणि कुणी त्याला बोका म्हणालं तर मी भांडायला जाणार नाही. पण इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावाबाहेर गोल्फ क्लबाच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी जे झालं, त्यात मी तिखटमीठ घातलेलं नाही.

नीना माझी सून. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इकडे आली. एम-फोर हायवेच्या कडेला काचेची ऑफिसं आहेत ना, त्यातल्या एकात बसते. राजकारणात शिरली ती बसमुळे. आमच्या रस्त्यावरून जाणारी बस बंद होणार असं कळलं, ती वाचवायला म्हणून ही एका मीटिंगला गेली आणि परत आली ती पत्रकांचा गठ्ठा बगलेत मारूनच. त्याला अकरा वर्षं झाली. पक्ष कुठला ते मी सांगणार नाही. अर्ध्यांना राग येईल आणि उरलेल्यांना उगाच आनंद होईल.

अकरा वर्षं ही बाई पावसात, गारठ्यात लोकांच्या दारात पत्रकं टाकत फिरली. इथे दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून बोटं आत गेली की आतला कुत्रा वाट बघत बसलेलाच असतो. म्हणून हे लोक लाकडी चमचा घेऊन फिरतात, पत्रक आत ढकलायला. नीनाने माझं उलथनं नेलं. माझं डोशाचं उलथनं! परत आलं तेव्हा त्याच्या टोकावर दातांचे असे काही व्रण होते की विचारू नका. मी म्हटलं, असू दे, बोटांपेक्षा उलथनं बरं.

तर यंदा वसंतात ठरवायचं होतं की आमच्या भागातून पार्लमेंटसाठी पक्षाचा उमेदवार कोण. ते आधी पक्षातल्या पक्षात मतदान घेऊन ठरवतात, सिलेक्शन म्हणतात त्याला. नावं गळत गळत शेवटी दोघी उरल्या. एक नीना, दुसरी फिओना. फिओना एका शाळेची हेडटीचर. पक्षात येऊन तिला तीनच वर्षं झालेली, आणि तिला दारं ठोठवायला शिकवलं कुणी? आमच्या नीनाने. माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन “व्हेरी बाउन्सी” म्हणून गेलेली बाई ती. वाईट मुळीच नाही. वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं.

नियम असा होता की पक्षाच्या सभासदांपैकी जो ठरलेल्या शनिवारी हॉलवर येऊन दोघींची भाषणं ऐकेल, त्यालाच मत देता येणार. मी गेले. राजीव, माझा मुलगा, गेला. नीना हरली. थोडक्यात हरली, पण हरली.

घरी आली, कपडे बदलले आणि भांडी घासायला लागली. हाताने. डिशवॉशर शेजारी रिकामा उभा असताना. मी पुसायला घेतलं.  तिने ती जुनी कढईसुद्धा घासून चकचकीत केली, जी मी कधीची फेकून देणार होते.

त्यानंतर महिन्याभराने हे जेवण होतं. निवडणुकीसाठी पैसा उभा करायचा म्हणून पक्षाचे लोक तिकीट लावून जेवण ठेवतात. रॅफल, म्हणजे बक्षिसांची सोडत असते, भाषण असतं, आणि जो हरला त्याने नीटनेटके कपडे करून यायचं असतं, म्हणजे आम्ही सगळे एक आहोत असं दिसतं. नाही आला तर म्हणतात, रुसला. सकाळी टोस्टला लोणी लावता लावता नीना म्हणाली, “आज जाऊन येते. लोकांना तोंड दाखवते. आणि उद्यापासून बंद. पक्ष सोडतेय मी.”

राजीव म्हणाला, “तुला वाटेल तसं कर.”

मी काही म्हटलं नाही. बारा वर्षं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात नीट राहिलोय, ते एकमेकींना काही सुचवत नाही म्हणूनच. पण ही बाई संध्याकाळी घरी येऊन टीव्हीसमोर बसायला लागली तर कशी दिसेल, हे मला डोळ्यासमोर आणताच येईना.

क्लबाच्या कार पार्कमध्ये सतीश उभाच होता. सतीश म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, दाढीला रंग लावतो, मनाने चांगला. मंडळातली बरीच जणं पक्षाचीही सभासद, त्यांच्यासाठी मंडळाच्या नावाने पूर्ण टेबल त्यानेच बुक केलं होतं.

“काकू, आज दाखवूच यांना,” तो म्हणाला.

“काय दाखवणार?”

“वॉकआउट!” त्याने इकडेतिकडे बघत आवाज खाली केला, पण सतीशचा खालचा आवाज म्हणजे इतरांचा वरचा. “फिओना बोलायला उभी राहिली की आपलं अख्खं टेबल उठणार. शांतपणे. कोट उचलायचे, बाहेर. नीनाताईवर अन्याय झालाय. तो असा गिळून बसायचं नाही आपण.”

त्याची बायको चैत्राली म्हणाली, “जेवण झाल्यावर ना? पुडिंग खाऊन?”

“अर्थात जेवण झाल्यावर. तिकीट काढलंय आपण.”

मंडळाची बाकीची मंडळी माना हलवत होती. कुणी म्हणालं, बरोबर आहे. कुणी म्हणालं, एकदा कळलंच पाहिजे. आपल्या माणसांना असं तावातावाने एकमताने बोलताना मी गणपतीच्या वर्गणीनंतर प्रथमच पाहत होते.

राजीवने विचारलं, “नीना, तुझं काय म्हणणं?”

“बघू,” नीना म्हणाली.

एवढंच. बघू. ती हो म्हणाली असती तरी मी समजले असते. पण हे ‘बघू’ मला ठाऊक होतं. दुकानात सेल्समन मागे लागला की ती असंच म्हणते, आणि शेवटी ती नको असलेली वस्तू घेऊन येते.

आत गेलो. गोल टेबलं, खुर्च्यांना पांढरी कापडं आणि मागे बो बांधलेले, जसं खुर्च्यांचंच लग्न आहे. आमच्या टेबलावर पक्षाचे इथले चेअरमन जेरल्ड येऊन बसले, माझ्या शेजारी. वर मुख्य टेबलावर त्यांची जागा होती, पण आम्हाला वाईट वाटू नये म्हणून ते मुद्दाम आमच्यात आले. उंच एवढे की बसले तरी उभे वाटावेत, कानात मशीन, टायवर बदकं. जेवण झालं की उठून माइकवर जायचं आणि फिओनाची ओळख करून द्यायची, हे त्यांचं काम. ते उठणार, मग फिओना उठणार, मग आम्ही उठणार. असा सगळा क्रम.

मला शाकाहारी म्हणून भरली ढब्बू मिरची आली, आत कुसकुस. कुसकुस म्हणजे शिरा करायचा राहून गेलेला रवा. मी खाल्ला. नीना खात नव्हती. दर दोन मिनिटांनी कुणीतरी यायचं, तिच्या खांद्यावर हात ठेवायचं. सो ब्रेव्ह. सो क्लोज. ती प्रत्येकाला “थँक यू, दॅट्स काइंड” म्हणायची आणि काट्याने तोच एक गाजराचा तुकडा या टोकाचा त्या टोकाला न्यायची.

मी बघत होते आणि विचार करत होते. अपमान तिचा झाला, हे खरं. तिला उठून जायचं असेल तर तो तिचा हक्क. पण ती आज उठली तर ती उठली असं कुणीच म्हणणार नाही, मंडळ उठलं म्हणणार. सतीश पुढची दहा वर्षं प्रत्येक बार्बेक्यूला ते सांगणार. आणि अकरा वर्षं कुत्र्यांशी झुंजलेली माझी सून त्याच्या गोष्टीत कोट घालून मागून चालणारी बाई होऊन बसणार. पण हे मी तिला सांगू कशी? सासू म्हणाली ‘बस’, म्हणून बसली, हे तर त्याहून वाईट.

तेवढ्यात पुडिंग आलं. स्टिकी टॉफी पुडिंग, म्हणजे टॉफीच्या पाकात भिजलेला मऊ केक, वर कस्टर्ड. आपली माणसं गोड खाताना वेळ लावत नाहीत. सतीशने चार घासांत बाऊल रिकामा केला, नॅपकिनची घडी घातली, खुर्चीवरचा कोट मांडीवर ओढला. टेबलावर नजरानजर झाली. चैत्रालीने पर्सची चेन लावली. मला गुडघ्यामुळे जरा वेळ लागतो, म्हणून मी सगळ्यांच्या मागे होते.

म्हणाल की गुडघ्याचा खाण्याशी काय संबंध? नाहीच. पण मी मागे होते खरी. पाणी प्यायला म्हणून चमचा खाली ठेवला आणि बघितलं, तर अख्खं टेबल माझ्या बाऊलकडे बघत थांबलेलं. सगळे पुढे सरकून, खुर्चीच्या कडेवर, आणि उठत कुणीच नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपल्यात पंगतीला सगळ्यात मोठं माणूस जेवत असेल तर कुणी पानावरून उठत नाही. हात वाळून कोरडा ठाक झाला तरी बसून राहायचं. हे यांना कुणी शिकवलेलं आठवतही नसेल, पण अंगात भिनलंय. सतीशच्या हाताखाली ऑफिसात एवढी माणसं, पण त्याच्या आजोबांनी त्याला लहानपणी असा बसवला असणार की जन्मात विसरायचा नाही. आणि त्या टेबलावर सगळ्यात मोठी कोण? मी.

मी चमचा उचलला. पुडिंगचा एक कण घेतला, दाण्याएवढा. तोंडात ठेवला. चावला. पुडिंग चावावं लागत नाही, पण मी चावला.

सतीश माझ्याकडे बघून हसला आणि सवयीने म्हणून गेला, “सावकाश होऊ द्या, काकू.”

आणि मग त्याने जीभ चावली. पण आता काय उपयोग? आग्रह झाला होता.

“हो रे बाबा, सावकाशच होऊ देते,” मी म्हटलं.

जेरल्ड घड्याळ बघून उठायच्या बेतात होते. मी त्यांच्या बाहीला हात लावला. माझं इंग्लिश म्हणजे भाजी आणायला पुरेल एवढं, पण ते कान देऊन ऐकतात. मी सांगितलं, आमच्यात टेबलावरचं सगळ्यात म्हातारं माणूस जेवत असताना उठणं म्हणजे फार अशुभ. अशुभ मी माझ्या पदरचं घातलं. मग त्यांना माझ्या मामेसासऱ्यांची गोष्ट सांगितली. साताऱ्याकडे एका लग्नात मुलाकडचे मानपानावरून रुसले, जेवण झालं की वरात परत न्यायची असं ठरलं. माझे मामेसासरे वरपक्षात वयाने मोठे. ते जिलबी खायला बसले ते खातच बसले. एकेक कडं मोडून, पाकात बुडवून. ऊन कललं. वाढपी दमले. शेवटी रुसलेल्यांचा राग भुकेने उतरला आणि ते दुसऱ्यांदा जेवायला बसले. त्या जोडप्याला आज पणतवंडं आहेत.

“गुड लॉर्ड,” जेरल्ड म्हणाले. “मग मीही उठता कामा नये.” आणि टायवरची बदकं नीट करून ते मागे टेकून बसले.

आता बघा काय झालं ते. चेअरमन उठत नाहीत म्हणून फिओनाचं भाषण सुरू होत नाही. भाषण सुरू होत नाही म्हणून वॉकआउट कशातून करायचा ते सतीशला कळत नाही. मुख्य टेबलावर फिओना हातातली कार्डं उलटीसुलटी करतेय, पाणी पितेय, आमच्याकडे बघून हसतेय. आणि माझ्या बाऊलमध्ये अजून अर्धं पुडिंग.

एक वेटर बाऊल उचलायला आला. मी वर हात आडवा धरला. “स्टिल ईटिंग.”

“आजी,” अन्वी कुजबुजली, “सगळे लोक आपल्याला बघतेय. तुझा चमच्यात काहीच नाहीये.”

“आहे. तुला दिसत नाही. चष्म्याचा नंबर तपासून घे.”

सतीश आता खुर्चीत चुळबुळ करत होता. चैत्रालीच्या बाजूला झुकून म्हणाला, “असं चाललं तर मोमेंटम जाणार सगळा.” त्याचा खालचा आवाज. नीनाने तो ऐकला. मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून सांगते, तिने संध्याकाळभरात प्रथमच मान वर केली.

“सतीशदादा,” ती म्हणाली, “एक विचारू?”

“विचार ना.”

“त्या शनिवारी तुम्ही कुठे होतात?”

त्याने मांडीवरचा कोट नीट केला. मग हसल्यासारखं केलं. “अगं, ते नाटक नव्हतं का आपलं? पुण्याची मंडळी आली होती. तिकिटं केव्हाच काढून ठेवलेली.”

“मंडळाचं बुकिंग होतं गं,” चैत्राली म्हणाली. “आणि खरं सांगू, आम्हाला वाटलं तू येतेसच निवडून. आम्ही काय, असून नसून सारखेच.”

“मी हॉलच्या दारात उभी होते,” नीना म्हणाली. “येणाऱ्या प्रत्येकाला हॅलो म्हणत. आमच्या घरचे सोडले तर या टेबलावरचं मंडळाचं कुणीच आलं नाही.”

 एक जण मेनूकार्ड वाचायला लागला, जेवण होऊन गेलेलं असताना. जेरल्डना मराठी कळत नाही, पण गप्प बसणं कळतं. ते छताकडे बघायला लागले.

अन्वीने विचारलं, “मग नाटक चांगली होती का?”

सतीश म्हणाला, “बरं होतं. दुसरा अंक जरा रेंगाळला.”

मला वाटलं आता नीना रडते की ओरडते. तिने दोन्ही केलं नाही. समोरचं पुडिंग, ज्याला तिने हात लावला नव्हता, ते जवळ ओढलं आणि खायला लागली. मोठे मोठे घास. भूक लागलेल्या माणसासारखं. कस्टर्डसकट संपवलं, तोंड पुसलं, आणि माझ्याकडे वळून हळू म्हणाली, “आई, संपवा आता. मला ठरवू दे.”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यात मला काय ते वाचता येईना. उठेल की बसेल, काही कळेना. पण मी उरलेला घास घेतला आणि चमचा बाऊलमध्ये आडवा ठेवला.

जेरल्ड लगेच उठले, माइकवर गेले, दोन वाक्यं बोलले. फिओना उभी राहिली. टाळ्या. टाळ्यांच्या आवाजात सतीश उठला, कोट हातावर. चैत्राली उठली. त्यांच्या मागे बाकीचे उठू लागले, पण मघाच्या त्या बोलण्यानंतर पायात जोर नव्हता कुणाच्या. सगळे अर्धवट उभे राहून नीनाकडे बघत होते.

नीना उठली.

 राजीवने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. हॉलमधली बरीच डोकी आमच्याकडे वळलेली. फिओना पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडून थांबली होती.

आता, गोल टेबलाला बसलं की अर्ध्यांची पाठ स्टेजकडे असते. नीनाची होती. तिने आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली. जड होती, बो सुटून खाली लोंबायला लागला. ती खुर्ची तिने उलटी फिरवली, स्टेजकडे तोंड करून ठेवली, आणि बसली. हात मांडीवर. हसली नाही, काही नाही. नुसती समोर बघत बसली, परीक्षेच्या हॉलमध्ये बसतात तशी.

 मग चैत्राली, कोटाच्या एकाच बाहीत हात घातलेली, खाली बसली आणि आपली खुर्ची फिरवू लागली. मग राजीव. मग बाकीचे, एकेक करून. खुर्च्यांचा हा खडखडाट. मध्ये सतीश एकटा उभा, कोट घेऊन, देवळाबाहेर चपला सापडत नसल्यासारखा.

“मी जरा टॉयलेटला जाऊन येतो,” त्याने जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं. गेला. कोट घेऊन गेला. आणि थोड्या वेळाने कोट घालूनच परत आला आणि बसला. हॉलमध्ये हीटर नसूनही घाम पुसत होता.

फिओना चांगली बोलली. मध्येच म्हणाली की मला जे येतं त्यातलं निम्मं मी नीनाच्या मागून चालत शिकले. त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीनाने नाही वाजवल्या. शेवटी सगळ्यांबरोबर वाजवल्या, सगळ्यांएवढ्याच.

बाहेर आलो तर जून महिना, अजून लख्ख उजेड. राजीव गाडी आणायला गेला. अन्वीने रॅफलमध्ये बिस्किटांचा डबा जिंकला होता, ती तो उघडत होती. मी नीनाच्या शेजारी उभी. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. “मग? उद्यापासून बंद?”

ती गोल्फच्या हिरवळीकडे वळली.

“आई, मी कुठे चुकले ठाऊक आहे? अकरा वर्षं मी सगळ्या रीडिंगची दारं वाजवली. ज्यांचे कुत्रे अंगावर येतात त्यांचीसुद्धा. आपल्या मंडळातल्या एका घराचं दार नाही वाजवलं. मला वाटायचं, आपल्या माणसांना काय सांगायचं? ती तर आपलीच आहेत. त्यांच्याकडे मत मागायची लाज वाटायची मला. परकं वाटेल म्हणून.”

“आणि त्यांना वाटलं, हिला आपली काय गरज.”

“हो. फिओनाने तिच्या शाळेतल्या प्रत्येक बाईला फोन केला होता. कुणी आजारी मूल शेजारणीकडे ठेवून आलं. मी बघत होते दारातून. मला राग तिचा नव्हता आला. कशाचा आला होता ते आज कळलं.”

अन्वी डबा पुढे करून म्हणाली, “मम्मा, बिस्किट घे. खूप चांगली आहे हा.”

नीनाने दोन घेतली.

पुढच्याच आठवड्यात ती सतीशच्या घरी गेली. मी गाडीत बसून होते, काच खाली करून, म्हणून सगळं ऐकलं. तिने बेल वाजवली. सतीश हाफ पँटवर दारात आला.

“अरे, नीनाताई! ये, ये, आत ये. चैत्राली, चहा टाक!”

“चहा नको. मी नीना, पक्षातर्फे आलेय,” ती म्हणाली, अगदी अनोळखी घरी बोलते तसं. “आमच्या उमेदवार फिओना आहेत. तुमच्या घरातून त्यांना मत मिळेल का?”

“अगं, काय हे? आपल्यात काय हे?”

“सांगा ना. मिळेल का?”

सतीश दाराच्या कडीशी खेळत राहिला. “तू उभी असतीस तर प्रश्नच नव्हता.”

“मी उभी होते. तुम्ही नाटकाला गेलात.”

आतून चैत्रालीचा हसण्याचा आवाज आला. सतीशने पत्रक हातात घेतलं, उलटसुलट केलं. “आणि पुढच्या वेळी तू उभी राहिलीस तर?”

“तेव्हा परत येईन. बेल वाजवीन. आणि तारीख आधी सांगेन, म्हणजे तिकिटं काढू नका.”

त्या दिवशी तिने मंडळाची सात घरं केली. चहा एकाही घरी घेतला नाही. मला गाडीत तहान लागून जीव जायची वेळ आली, पण मी गप्प बसले.

आता शप्पथ घेतलीय म्हणून एक सांगूनच टाकते, नाहीतर गुडघा दुखायला लागेल. टेबलावर नीना मला “आई, संपवा आता, मला ठरवू दे” असं म्हणाली, ते तेवढं मी घातलंय. ती काहीच बोलली नव्हती. पुडिंग संपलं, इतकंच. मी बाऊल खरवडून खरवडून पांढरा केला होता आणि आणखी एक मागवायच्या विचारात होते. वेटर दिसला नाही म्हणून राहिलं. तो दिसला असता तर मी तिला तशीच बसवून ठेवली असती, तिला काय हवंय ते न विचारता.

गणपतीत मंडळात सगळ्यांसमोर मी ही गोष्ट सांगितली, त्या वाक्यासकट. नीना समोरच बसली होती. हसली, पण ‘मी असं म्हणालेच नव्हते’ असं काही बोलली नाही. परवा ती फोनवर पुण्याच्या मैत्रिणीशी बोलत होती आणि मी आत कणीक मळत होते. ती सांगत होती, “मग मी शेवटी आईंना म्हटलं, संपवा आता, मला ठरवू दे.”

मी कणीक मळत राहिले.